घास उतरेपर्यंत

पहिला घास अडकला तेव्हा मला वाटलं, आपणच नीट चावला नसेल.

ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. आई पोस्टात कामाला गेली होती. आत्या जमिनीवर पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत होती आणि मी तिच्यासमोर खुर्चीत बसून चहात बुडवलेला पाव खात होते. एक तुकडा गिळला आणि तो छातीच्या हाडामागे येऊन थांबला. दुखलं असं म्हणता येणार नाही. आतून कोणीतरी दाराला पाठ लावून उभं राहावं, तसं काहीतरी झालं. वरून पाणी प्यायले, तर तेही त्या तुकड्यावर साठून राहिलं. मग तोंडात लाळ सुटायला लागली, पांढरी, फेसाळ, थांबेचना. मी बेसिनपाशी जाऊन नुसती थुंकत उभी राहिले. उलटी होईना, कारण या ऑपरेशननंतर उलटी होत नाही. ढेकरही येत नाही. वर यायचा रस्ता बंद केलेला असतो आणि खाली जायचा तर आता अडला होता. पंधरा-वीस मिनिटांनी तो तुकडा आपला आपण खाली गेला.

"काय झालं गं?" आत्याने विचारलं.

"काही नाही."

"मग संपव की. गार होतोय."

मी उरलेला पाव संपवला. अगदी बारीक तुकडे करून, पण संपवला.

मला चार वर्षं ॲसिडिटी होती. ॲसिडिटी म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा सैल पडतो, कारण ती सगळ्यांनाच असते आणि सगळ्यांकडे तिच्यावर उपाय असतो. थंड दूध, जिरं, आवळा. माझ्या घशाशी मात्र वाकून चप्पल घातली तरी आंबट पाणी यायचं. आवाज कायम बसलेला. ऑफिसातल्या फोनवर लोक मला विचारायचे, सर्दी झालीय का. मी हो म्हणायचे, ते सोपं होतं. गोळ्या बदलून झाल्या, उशा वाढवून झाल्या. शेवटी मुलुंडच्या एका हॉस्पिटलमधल्या सर्जननी सांगितलं की अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप सैल पडली आहे. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळायचा आणि टाके घालायचे. पोटावर पाच छोटी भोकं, तीन दिवसांत घरी. त्यांनी पॅडच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं आणि म्हणाले, "मफलर गुंडाळतो ना, तसं."

"आणि मफलर घट्ट झाला तर?" आईने विचारलं.

"सुरुवातीला सूज असते, घट्ट वाटतं. हळूहळू सैल होतं."

ऑपरेशन झालं आणि आंबट पाणी खरोखरच थांबलं. त्याच दिवसापासून. म्हणून नंतरचं सगळं मला समजून घेता आलं नाही. ज्यासाठी ऑपरेशन केलं ते बरं झालं होतं. जे कधी बिघडलंच नव्हतं, ते बिघडलं होतं. याची तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा बदलीवर नाशिकला असतात, शनिवारी येतात. आईला फार रजा नव्हती. म्हणून आत्या मानखुर्दहून दोन पिशव्या घेऊन आमच्या घाटकोपरच्या घरी राहायला आली. ती तीस वर्षं महापालिकेच्या प्रसूतिगृहात आयाबाई होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चादर ओढायची पद्धत, उशी आपटायची पद्धत अजून वॉर्डातली. मला ती नावाने हाक मारायची नाही, पेशंट म्हणायची. "पेशंटने पंख्याखाली बसायचं नाही." "पेशंटने फोन ठेवायचा आता." नातेवाइकांचे फोन मात्र ती स्वतःच घ्यायची.

"जयभीम वहिनी. हो, हिच्याकडेच आहे. ऑपरेशन झालं ना पोरीचं, पोटाला गाठ मारलीय. अहो नाही हो, तसलं ऑपरेशन नाही! लग्न कुठे झालंय तिचं!"

मी आतल्या खोलीतून ऐकत असायचे आणि भिंतीकडे बघत असायचे.

हॉस्पिटलने काय खायचं त्याचा एक कागद दिला होता. दोन पानं, इंग्रजीत छापलेली. पहिले दोन आठवडे फक्त पातळ. मग पॉरिज, सूप, कस्टर्ड, कुस्करलेला बटाटा. दुसऱ्या पानावर काय टाळायचं ते: सोडा, कच्च्या भाज्या, कोरडा ब्रेड. दोन आठवडे संपले त्या दिवशी मी आत्याला कागद मराठीत वाचून दाखवला.

"पॉरिज म्हणजे?"

"ओट्सची पेज."

"मग पेज म्हण की. आणि कस्टर्ड?"

"ते दुधाचं असतं. पिवळं."

"लग्नात असतं ते? ते का पेशंटला देतात?" ती हसली. "तू काळजी करू नको. आमच्याकडे सकाळी सहाला ट्रॉली निघायची. बाळंतीण असो, टाके असोत, ताप असो, दूध आणि पाव. माझ्या हाताने भरवलाय मी. तीस वर्षांत एक बाई तक्रार घेऊन आली नाही."

"यात कोरडा ब्रेड नको लिहिलंय."

"मग कोरडा कुठे देणार मी? चहात बुडवून देणार."

त्या वाक्यात चूक कुठे आहे ते मला तेव्हा शब्दांत दाखवता आलं नसतं. आमच्या घरात आजारी माणूस म्हणजे चहा-पाव हे ठरलेलंच आहे. मला गोवर झाला होता तेव्हाही तेच होतं. आणि खरं सांगायचं तर दोन आठवडे मुगाचं पाणी पिऊन झाल्यावर तो पाव मला फार चांगला लागला.

पाचव्या आठवड्यात तपासणीला गेलो, मी आणि आत्या. त्या डॉक्टरांशी मी पहिल्या दिवसापासून इंग्रजीत बोलत होते. इंग्रजीत मी थोडी धीट असते, किंवा तसं वाटतं. शाळेत वर्गात उत्तर द्यायचं ते इंग्रजीतच, आणि उत्तर म्हणजे पुस्तकात असेल ते. त्यांनी विचारलं, काय काय खाता. मी म्हटलं, पॉरिज, सूप, कस्टर्ड.

"अडकतं का?"

"हो."

"पॉरिजसुद्धा?"

शेजारच्या खुर्चीत आत्या पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती. पाव म्हटलं असतं तर तो शब्द तिला लगेच कळला असता, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं असतं तेही. मी म्हटलं, "हो. सूपही, कधीकधी."

त्यांनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "कस्टर्ड कधी खाल्लंस गं तू?"

"असंच म्हटलं."

"बरं केलंस. राउंडला मोठे डॉक्टर आले की आम्ही पण असंच करायचो. सगळं ठीक आहे साहेब. बारीकसारीक सांगत बसलं की चिडतात."

मी पुन्हा ऑफिसला जायला लागले, मेट्रोने अंधेरीला. डब्यात मऊ भात. कँटीनमध्ये बसले की टेबलावरच्या एकीचं लक्ष माझ्याकडेच.

"ए, काय डाएट आहे तुझं? सांग ना यार. किती बारीक झालीयस!"

"लग्न ठरलं असेल हिचं," दुसरी म्हणाली. "गप गप असतात ना, त्यांचंच आधी ठरतं."

"नाही गं. ऑपरेशन झालं. पोटाचं."

"ते वजनाचं? पोट बांधतात ते?"

"तसंच काहीतरी."

"डॉक्टरचा नंबर दे ना मग! आम्ही इथे जिमला पैसे भरून मरतोय."

मी नंबर दिला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन रिकाम्या मीटिंग रूममध्ये बसायला लागले. एक वाटी भाताला पाऊण तास लागायचा. काही दिवस तो भात सरळ जायचा. काही दिवस तोच भात, तेवढाच मऊ, दुसऱ्याच घासाला थांबायचा. मी फोनमध्ये लिहून ठेवायला लागले, कुठल्या दिवशी काय अडकलं. त्यातून काही कळेना. सकाळचा पाव अडकला की दिवसभर छातीत काहीतरी बसून राहिल्यासारखं वाटायचं, आणि मग दुपारचा भात खरोखर अडकतोय की सकाळची आठवण अडकतेय, हे मला ओळखता यायचं नाही. लोक बारीक झालीस म्हणून कौतुक करायचे आणि मी थँक्यू म्हणायचे.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. त्या वेळी आई सोबत होती.

"थोडं घट्ट आहे," ते म्हणाले. "पण स्कोप आरामात खाली गेला. एवढी जागा असेल तर पेज अडकायला नको." त्यांनी माझे जुने कागद चाळले. "घरी काही टेन्शन आहे? ऑफिसमध्ये?"

"हिला?" आई म्हणाली. "ही तर काही बोलतच नाही. टेन्शन कसलं घेणार?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी कागदांकडे बघत राहिले. त्या दिवसापासून मी स्वतःवर संशय घ्यायला लागले. आंघोळीच्या आधी आरशासमोर उभी राहून नुसतं गिळून बघायचे. गिळताना माझा गळा इतरांसारखाच हलायचा. कदाचित सगळ्यांचंच असं होत असेल आणि मीच त्याचा बाऊ करत असेन. पण वजन नऊ किलो उतरलं होतं. ते तर काट्यावर दिसत होतं. की न खाल्ल्यामुळे उतरलं? मग खात का नव्हते? असं ते फिरत राहायचं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ठरवून टाकलं. पातळ पदार्थही जात नसतील आणि वजन असं उतरत असेल, तर वाट बघण्यात अर्थ नाही. पुन्हा आत जायचं, टाके सोडवायचे आणि गुंडाळी सैल करून बांधायची. "दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं सोपं नसतं," ते म्हणाले. "आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. दुर्बिणीतून नाही जमलं तर पोट उघडावं लागतं. आणि आंबट पाणी पुन्हा सुरू होऊ शकतं. हे आत्ताच सांगून ठेवतो." तारीख मिळाली, पुढचा बुधवार. त्याआधी एक बेरियमची टेस्ट करून आणायची होती. पांढरं औषध प्यायला देतात आणि ते खाली कसं जातं ते एक्स-रेच्या पडद्यावर बघतात.

टेस्ट घाटकोपरलाच होती. आदल्या दिवशी सेंटरवरून फोन आला. "रिकाम्या पोटी या. आणि येताना एक पाव आणा."

"पाव?"

"हो, साधा, बेकरीतला. मस्का लावलेला नको."

आत्याला सांगितलं तर तिला इतका आनंद झाला की सकाळी ती स्वतः बेकरीत गेली आणि लादीतला मधला पाव निवडून घेऊन आली. मधला जास्त मऊ असतो म्हणून.

सेंटरमधली टेक्निशियन बाई चाळिशीची होती. अंगात जाड शिशाचा एप्रन, केसांना मोठा चिमटा, आणि हातातलं काम न थांबवता बोलायची सवय. "चेन काढ. कानातलं राहू दे. प्रेग्नंट नाहीस ना? उभी राहा इथे, पाठ टेकून." तिने माझ्या हातात पांढऱ्या औषधाचा ग्लास दिला. खडू कालवल्यासारखी चव होती. "मोठा घोट घे. गिळ." पडदा तिने जरा माझ्याकडे वळवला. एक पांढरी रेघ वरून खाली आली, शेवटी एकदम बारीक झाली आणि जठरात सांडली.

"पातळ तर मस्त जातंय तुझं," ती म्हणाली.

मग तिने पाव पिशवीतून काढला, तुकडे केले आणि त्या पांढऱ्या औषधात बुडवायला लागली. दार किलकिलं झालं. आत्याने डोकं आत घातलं होतं.

"बघ!" ती मला म्हणाली. "एवढ्या मोठ्या सेंटरमध्ये पण पावच देतात!"

"मावशी, बाहेर. रेडिएशन आहे इथे."

"मी हॉस्पिटलमधलीच आहे गं बाई, तीस वर्षं..."

"मग तर तुम्हाला माहितीच पाहिजे. बाहेर व्हा."

दार लागलं. मी तुकडा चावला आणि गिळला. पडद्यावर एक पांढरा गोळा खाली आला आणि थांबला. मी त्याला तिथे उभा असलेला बघत होते. तो छातीत जिथे जाणवत होता, पडद्यावरही तिथेच होता. म्हणजे तो होता. तीन महिने तो खरोखर होता.

"परत गिळ. नुसतीच. परत." ती पडद्याकडेच बघत होती. "थांबू या जरा. घरी काय खातेस?"

अंधाऱ्या खोलीत, तोंडात लाळ भरलेली असताना, कुठलाच कागद समोर नसताना मी म्हटलं, "चहा-पाव. सकाळी."

"रोज?"

"रोज."

आता ती माझ्याकडे वळली. "कोणी सांगितलं तुला पाव खायला? अगं, आम्ही पाव कशाला मागवतो? तो अडकतो म्हणून मागवतो! बाकी सगळं जातं त्यांचाही पाव अडकतो, म्हणून शेवटी पाव देऊन बघायचं. तू रोज सकाळी घरी बसून ही टेस्ट करतेयस."

मग तिने डॉक्टरांची चिठ्ठी उजेडात धरली. "इथे तर लिहिलंय पेज, सूप सगळं अडकतं."

"पॉरिज मी खाल्लंच नाही."

तिने चिठ्ठी खाली ठेवली. "हे तू तुझ्या डॉक्टरांना सांग. मी नाही सांगणार, ते माझं काम नाही. रिपोर्टमध्ये पडद्यावर जे दिसलं तेवढंच जाईल."

बाहेर आत्या उरलेला अर्धा पाव कागदात गुंडाळून बसली होती. "काय म्हणाली?"

"रिपोर्ट संध्याकाळी मिळेल."

टेस्ट शनिवारी झाली. मंगळवारी सकाळी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचा होता आणि दुपारी ॲडमिट व्हायचं होतं. मधले दोन दिवस मी कोणालाच काही सांगितलं नाही. सकाळी भूक नाही म्हणाले आणि नुसता चहा प्यायले. सांगितलं तर कदाचित ऑपरेशन टळणार होतं, पण मग आत्याला कळणार होतं की तिने भरवलेल्या घासाने हे झालं. डॉक्टरांना कळणार होतं की मी खोटं बोलले. आणि सगळं पावामुळेच होतं हेही कुठे ठरलं होतं? भातही अडकला होता. पावाचं सांगून ऑपरेशन टळलं आणि मी तशीच राहिले तर? शिवाय एक गोष्ट मला स्वतःशीही कबूल करायला आवडत नाही. ऑपरेशनला मी घाबरत होते, तरी त्यात एक सोय होती. टेबलावर झोपलं की पुढचं सगळं दुसरे करतात. मला काही बोलावं लागत नाही.

मंगळवारी आम्ही तिघीही गेलो. आईच्या हातात कपड्यांची बॅग होती. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला आणि मला इंग्रजीत सांगितलं की हे जुळत नाही, पातळ तर सहज जातंय, तुम्ही तर सूपही अडकतं म्हणाला होतात.

मी मराठीत बोलले. त्या खोलीत पहिल्यांदाच. इंग्रजीत सांगितलं असतं तर आत्याने बाहेर आल्यावर विचारलं असतं, आणि बाहेर मी पुन्हा काहीतरी दुसरंच सांगितलं असतं.

"सूप जातं. पॉरिज मी खाल्लंच नाही. कस्टर्ड आमच्या घरी कधी केलंच नाही. मी पाव खाते. चहात बुडवून. रोज."

"कधीपासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासून."

"कागद वाचला नव्हता तुम्ही?"

"वाचला होता."

आत्या उभी राहिली. डॉक्टर राउंडला आल्यावर वॉर्डात उभी राहत असेल तशी, हात पुढे बांधून. "मी दिला, साहेब. माझ्या हातानं दिला. पण कोरडा नाही दिला."

"बसा मावशी."

ती बसली नाही.

"भिजवला तरी खाली जाईपर्यंत त्याचा गोळाच होतो," डॉक्टर तिला म्हणाले, बऱ्याच सौम्यपणे. मग माझ्याकडे वळले तेव्हा तो सौम्यपणा नव्हता. "मी उद्या तुमच्या शब्दावर आत जाणार होतो. कळतंय का तुम्हाला?"

मी मान हलवली. आईने बॅग खुर्चीखाली ठेवली होती, ती उचलून मांडीवर घेतली.

त्यांनी फोन करून बुधवारची वेळ रद्द केली. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. पण ते म्हणाले, "पावामुळे झालं असं मी म्हणत नाहीये. गुंडाळी घट्ट आहेच. किती घट्ट, हे मला आता माहीत नाही, कारण मी तीन महिने भलत्याच पेशंटवर उपचार करत होतो. सहा आठवडे कागदाप्रमाणे खा. मग आतून फुगा फुगवून ती जागा ताणून बघू. ऑपरेशनचं त्यानंतर."

परतीच्या रिक्षात आत्या मधे बसली होती. भांडुप आलं.

"मला सांगायचंस ना," ती म्हणाली.

"सांगितलं होतं. कागद वाचून दाखवला होता."

"कागद वाचलास. अडकतंय ते कुठे सांगितलंस? मी समोर बसलेली असायचे. रोज विचारायचे, काय झालं. रोज म्हणायचीस, काही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "वॉर्डातली बाई दुखलं की ओरडायची, म्हणून कळायचं. तू ओरडत पण नाहीस. मला कसं कळणार?"

"जाऊ दे ना ताई," आई म्हणाली.

"जाऊ दे काय? पोट फाडणार होते पोरीचं."

दुसऱ्या दिवशी ती दोन पिशव्या घेऊन मानखुर्दला निघून गेली. जाताना मला नावाने हाक मारून येते म्हणाली. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सहा आठवडे मी पेज खाल्ली, वरण खाल्लं, कुस्करलेला बटाटा खाल्ला. पंधरा दिवस काहीच अडकलं नाही. मी आईला म्हटलं, पावच होता तो. आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसात, पातळ खिचडीच्या तिसऱ्या घासाला छातीत तोच माणूस दाराला पाठ लावून उभा राहिला. मला इतका राग आला, आणि कोणावर ते कळेना. पावावर चिडायचं तर पाव कधीच बंद झाला होता.

सहा आठवड्यांनी फुगा घालून ती जागा ताणली. भूल दिली होती, मला काही आठवत नाही, नुसता दोन दिवस घसा दुखला. त्यानंतर बरं वाटलं. मग थोडं कमी बरं. आता आठवड्यातून एक-दोनदा घास थांबतो, पण बहुतेक वेळा जातो. वजन उतरायचं थांबलं आहे. फुगा आणखी एकदा घालावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. ऑपरेशनबद्दल विचारलं तर म्हणतात, आत्ता नको, वर्षभर बघू. मी त्यांना विचारलं होतं, पाव खाल्ला नसता तर हे आपोआप सैल झालं असतं का? ते म्हणाले, "कदाचित. कदाचित नाही. आता ते कोणालाच सांगता येणार नाही." मला वाटायचं, निदान त्यांना तरी माहीत असेल.

गेल्या रविवारी आत्या आली. तीन-चार महिन्यांनी. तशी फोनवर बोलायची, पण आईशी. स्वयंपाकघरात गेली नाही, पाहुणीसारखी खुर्चीत बसली. आईने माझ्यासाठी ताकातल्या ज्वारीच्या कण्या केल्या होत्या, खूप शिजवून. मी वाटी घेऊन तिच्यासमोर बसले. पहिले दोन चमचे गेले. तिसरा मध्येच थांबला, किंवा थांबल्यासारखा वाटला. मी चमचा वाटीत ठेवला.

आत्या माझ्याकडे बघत होती. काही विचारायचं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

मी छातीवर बोट ठेवलं. "इथे आहे."

ती पुढे झुकून माझ्या बोटाकडे बघायला लागली, जणू बाहेरून काही दिसणार होतं. "पाणी देऊ?"

"नको. पाण्याने वाढतं."

"मग किती वेळ लागतो?"

"माहीत नाही. कधी दोन मिनिटं. कधी बराच."

"बरं," ती म्हणाली, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. "बसू मग."